पाल्य हस्तांतरण पत्रक, तीन प्रती

घरातली मुलगी आठवड्याला किती शब्द बोलते हे मोजायचं नसतं. मिनिटरावांनी मोजलं. सोमवार ते शनिवार मिळून एकोणचाळीस भरले. त्यात अकरा 'हो', नऊ 'नको', सात 'माहितीये' आणि उरलेले बारा म्हणजे 'बाबा, दार लाव' हे एकच वाक्य चार वेळा.

मिनिटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या पगाराच्या कागदावरच उरलं होतं. चोवीस वर्षं ते शहर बससेवेच्या कार्यालयात वेळापत्रकं करत होते. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी यावी हे ते ठरवत. ती तशी येत नसे हा भाग वेगळा. त्याबद्दल कोणी छेडलं की ते शांतपणे म्हणत, "वेळापत्रक बरोबर आहे. बस चुकली."

त्यांची लेक अठरा वर्षांची होती आणि छपाईचं तंत्र शिकायला बारा तासांच्या अंतरावरच्या शहरात जाणार होती. जायला बरोबर दहा रविवार उरले होते. दहा रविवार आणि आठवड्याला एकोणचाळीस शब्द, म्हणजे पोरगी घर सोडेपर्यंत बापाच्या वाट्याला चारशेसुद्धा शब्द येत नव्हते, आणि त्यातले एकशेवीस दार लावण्याबद्दलचे. हा हिशोब डोक्यात बसल्यापासून मिनिटरावांना जेवण गोड लागेना. मुलगी आपल्याशी काही न बोलताच निघून जाईल आणि मग सुट्टीला येईल ती पाहुणी म्हणून, ही भीती त्यांनी कोणालाही बोलून दाखवली नव्हती. बायकोलाही नाही, कारण बायको चष्म्याचे नंबर काढायचं काम करायची आणि तिला सगळं आधीच दिसत असे.

एका संध्याकाळी ते जिना चढत असताना खालच्या मजल्यावरच्या भूमितीबाईंचं दार अर्धवट उघडं होतं. भूमितीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. एकट्या राहणाऱ्या, आणि समोरच्या माणसाकडे त्याचा कोन मोजत असल्यासारख्या बघणाऱ्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता. भरभर, मध्येच हसत, मध्येच "अहो ऐका तर बाई" असं म्हणत कोणीतरी काहीतरी सांगत होतं. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मिनिटराव थांबले आणि तो आपल्याच लेकीचा आहे हे कळल्यावर पायरीवर बसले. शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण वेळ मोजता येत होती. बेचाळीस मिनिटं. मध्ये एकही थांबा नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "ही खाली इतकं काय बोलते?"

"मला काय माहीत? दुसऱ्याच्या घरी सगळीच मुलं बोलतात," बायको म्हणाली. "तुम्ही तुमच्या आत्याकडे बोलायचात ना? सासूबाईंना तर तुम्ही मुके आहात की काय अशी शंका होती."

ते वाक्य मिनिटरावांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. दुसऱ्या दिवशी कार्यालयात ते सात नंबरच्या मार्गाचा तक्ता पुढ्यात घेऊन बसले, पण पेन्सिल भलतीकडेच चालली. आपल्या इमारतीत लेकीच्या आगेमागे वयाची मुलं असलेली सहा घरं. सातवं भूमितीबाईंचं, त्यांना मूल नाही, पण बेचाळीस मिनिटांचा अनुभव दांडगा. दर रविवारी प्रत्येक मुलाने एक घर पुढे सरकायचं. दुपारचं जेवण परक्या घरी, परक्या काका-काकूंशी गप्पा. मुलं बोलती होतील, मोठ्यांना ऐकायची सवय लागेल, आणि सगळी इमारत कशी फुलून येईल. त्यांनी कागदाच्या वर लिहिलं, 'कौटुंबिक व युवा सहजीवन उपक्रम'. खाली नियम लिहिले. अभ्यासाबद्दल, मार्कांबद्दल, पुढे काय करणार याबद्दल विचारायचं नाही. मोबाइल आल्या आल्या एका भांड्यात ठेवायचा, यजमानांचाही. पाहुण्याने यजमानांना काका-काकू म्हणायचं आणि यजमानांनी त्याला पाहुण्यासारखं वागवायचं. आणि जे बोललं जाईल ते त्या घराबाहेर जाणार नाही.

हा शेवटचा नियम त्यांनी मुलांना मोकळं वाटावं म्हणून घातला. आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्यांना तेव्हा उमगलं नाही.

लेकीला सांगितलं तेव्हा तिने कागद वाचला. पूर्ण वाचला, हेच नवल. मग म्हणाली, "बाबा, हे तू केलंस?" आणि आत गेली. चार शब्द. आठवड्याच्या मानाने सुरुवात चांगली होती.

मग हे प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलं. खरं तर न्यायची गरज नव्हती. एका घरातलं पोर दुसऱ्या घरात जेवायला जाणार, यात सेक्रेटरींचा संबंध काय, असं बायकोने विचारलंही. पण मिनिटराव सरकारी शिस्तीतले. मंजुरीशिवाय त्यांनी आयुष्यात एक थांबासुद्धा हलवला नव्हता. सेक्रेटरी एका मोठ्या कचेरीच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागातून निवृत्त झालेले. त्यांना कागद दिला की तो ते आधी उजेडात धरून बघत.

"विषय चांगला आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण उपविधींमध्ये बसत नाही."

"त्यात बसवायचं काय? मुलं जेवायला जाणार."

"एका सदनिकेतून दुसऱ्या सदनिकेत जाणार. परत येणार. सात आठवडे. उद्या एखादं पोर परत आलंच नाही तर सोसायटी काय दाखवणार?" त्यांनी उपविधींचं पुस्तक काढलं आणि बोट थुंकीने ओलं करून पानं उलटली. "जवळचं कलम एकच आहे. फर्निचर हलवण्याचं."

पहिला रविवार या चर्चेत गेला. दुसरा रविवार सभेत गेला. गणसंख्या भरली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्या अर्ध्या तासात आले होते तेही घरी गेले. तिसऱ्या रविवारी अखेर ठराव मंजूर झाला, फर्निचरच्या कलमाखाली आणि त्या कलमाच्या सगळ्या अटींसह. मुलांची ने-आण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतच होईल. लिफ्टच्या भिंतींना ओरखडा आल्यास पालक जबाबदार. प्रत्येक नग गेटवरच्या वहीत नोंदवला जाईल. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने चौथ्या मजल्यावर जाण्यासाठी आधी खाली गेटपर्यंत जायचं, वॉचमनची सही घ्यायची आणि मग वर यायचं.

शिवाय पत्रक. 'पाल्य हस्तांतरण पत्रक', तीन प्रती. एक देणाऱ्याला, एक घेणाऱ्याला, एक सोसायटीला. त्यात पाल्याची स्वीकारतेवेळची स्थिती, सोबतच्या वस्तू आणि शेवटी 'शेरा' असा रकाना होता. शेऱ्याचा रकाना पाहुणा आणि यजमान दोघांनी भरायचा. तो घरातल्या बोलण्यात मोडतो का, असं मिनिटरावांनी विचारून पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, शेरा म्हणजे बोलणं नव्हे, शेरा म्हणजे नोंद. या फरकाने पुढे बराच घोळ घातला.

तर आता सात रविवार उरले होते, आणि उपक्रमही बरोबर सात रविवारांचा होता. मिनिटरावांना हे जुळणं शुभ वाटलं.

उपक्रमाच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला इमारतीतली सहा तरणीताठी मुलं गेटवर रांगेत उभी होती. वॉचमन एकेकाचं नाव लिहीत होता आणि वहीतल्या 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात 'मुलगा' किंवा 'मुलगी' भरत होता. औषधवाल्यांच्या मुलाला सगळे लांबू म्हणत. त्याच्यापुढे वॉचमनने कंसात 'उंच' असंही लिहिलं, कारण मागे एकदा कपाटाच्या बाबतीत ते न लिहिल्यामुळे बोलणी खाल्ली होती.

मिनिटराव आणि बायको घर झाडूनपुसून तयार. टेबलावर नवा कापडी रुमाल. मिनिटरावांनी पाहुण्याला विचारायचे अठरा प्रश्न एका चिठ्ठीवर काढून ठेवले होते. साडेदहा झाले, अकरा झाले. बेल वाजेना. शेवटी त्यांनी स्वतःचा तक्ता काढून बघितला. सहा मुलं, सात घरं. दर रविवारी एक घर रिकामं राहणार. भूमितीबाईंना मूल नाही, म्हणजे त्यांच्या पुढचं घर पहिल्या फेरीत रिकामं. भूमितीबाईंच्या पुढचं घर म्हणजे आपलंच.

"चष्मा लागलाय का बघू?" बायको भाजी झाकत म्हणाली. दोघं तीन माणसांचं जेवण घेऊन समोरासमोर बसले. बोलायला विषय सुचेना. मिनिटरावांनी चिठ्ठीतला चौथा प्रश्न बायकोलाच विचारला: तुम्हाला रिकाम्या वेळात काय करायला आवडतं? बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिने उत्तर दिलं, आणि ते मिनिटरावांना एकवीस वर्षांत माहीत नव्हतं. तिला पोहायचं होतं. आपल्या घरात आणखी काय काय न विचारलेलं पडलं असेल, असा विचार मिनिटरावांच्या मनात येऊन गेला.

चार वाजता लेक परत आली. गाल तांबूस, डोळ्यांत हसू. मिनिटरावांनी तोंड उघडलं.

"नियम," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

तिथून पुढे त्यांची जी तगमग सुरू झाली तिला तोड नव्हती. मुलगी बोलत होती, याबद्दल शंकाच नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात यजमान लिहीत, 'फार गोड मुलगी, पोट दुखेपर्यंत हसवलं.' हसवलं? कोणी? आमच्या मुलीने? विनोद करते ती? कसले? मिनिटराव जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला आडवळणाने विचारत. "काय मग, रविवार कसा गेला? काही विशेष?" समोरचा गूढ हसे आणि म्हणे, "नियम तुमचाच आहे ना?" एकदा त्यांनी भूमितीबाईंनाच गाठलं.

"बाई, एवढंच सांगा. ती माझ्याबद्दल काही बोलते का?"

बाईंनी त्यांचा कोन मोजला. "बोलते."

"चांगलं की वाईट?"

"चिकार," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या रविवारनंतर औषधवाले तणतणत आले. हातात पत्रक. "हे वाचा. 'मुलगा गुणी. जेवणानंतर न सांगता सगळी पातेली घासली.' आमच्या घरी हा पाणी प्यायलेला पेला उचलत नाही. तिथे पातेली? काय दिलं काय त्यांनी त्याला?" औषधवाल्यांना कशाचाही उलगडा गोळीवाचून होत नसे. मिनिटरावांनी त्यांची समजूत घातली, पण दुसरीकडे एक आई रडवेली झाली होती, कारण तिची लेक परक्या घरी दोनदा वाढून घेऊन जेवली होती आणि यजमानांनी ते शेऱ्यात लिहिलं होतं. मुलं फुलत होती, यात वाद नव्हता. फक्त ती ज्याच्या त्याच्या कुंडीत सोडून बाकी सगळीकडे फुलत होती, आणि याचा राग सगळे आईबाप मिनिटरावांवर काढत होते.

तिसऱ्या रविवारी तर कहरच झाला. बसचं एक दुखणं असतं. एक बस जरा रेंगाळली की मागची तिला गाठते, तिच्यामागची त्या दोघींना, आणि मग तासभर थांब्यावर काहीच येत नाही आणि नंतर पाच एकदम येतात. मिनिटरावांनी चोवीस वर्षं या दुखण्याशी झुंज दिली होती. त्या दिवशी ते आपल्याच इमारतीत शिरलं. ठरल्या मुलाला सोडून आणखी एकजण भूमितीबाईंकडे 'फक्त डोकावायला' गेला, त्याला शोधायला दुसरी गेली, आणि साडेबारापर्यंत सहाच्या सहा मुलं बाईंच्या दोन खोल्यांत जमली. बाकीच्या घरांत ताटं मांडलेली, यजमान दाराकडे डोळे लावून बसलेले. सेक्रेटरी तीन प्रती घेऊन मजले चढत-उतरत होते. वहीत पाच नग बेपत्ता.

मिनिटराव बाईंच्या दारात गेले. आत सहा मुलं जमिनीवर पसरली होती आणि उकडलेले बटाटे सोलत होती. त्यांची लेक हातवारे करून काहीतरी सांगत होती. बाप दिसताच ती थांबली. सगळेच थांबले. आपण आल्यावर एखादी खोली गप्प होते, हे मिनिटरावांना कार्यालयात सवयीचं होतं. पण आज ते छातीत कुठेतरी लागलं. "चालू द्या," ते म्हणाले आणि परत फिरले. त्या दिवशी त्यांनी वेळापत्रक बरोबर आहे, असं कोणालाही सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी लांबू त्यांच्याकडे आला. मिनिटरावांनी जीव ओतून पाहुणचार केला. अठराच्या अठरा प्रश्न विचारले. लांबू चार वाजता नीट नमस्कार करून गेला. मिनिटरावांनी मोठ्या अपेक्षेने त्याचा शेरा वाचला. 'काका-काकू चांगले आहेत. काका प्रश्न छान विचारतात. पण उत्तर संपायच्या आत घड्याळ बघतात.'

त्यांनी तो शेरा तीनदा वाचला. मग बायकोपुढे ठेवला. "हे खरं आहे?"

बायकोने कागद लांब धरला, जवळ धरला. "आत्ता वाचताना दोनदा बघितलंत," ती म्हणाली.

काल मिसरूड फुटलेल्या पोराने आपल्याला ओळखावं, आणि तेही तीन प्रतींत, याने त्यांचा चांगलाच पाणउतारा झाला होता. रागाच्या भरात त्यांनी उपक्रम बंद करायचं ठरवलं, रात्रभरात विचार बदलला आणि सकाळी कामावर जाताना घड्याळ घरी विसरले. निदान बायकोला तरी त्यांनी विसरलो असंच सांगितलं.

पाचवा आणि सहावा रविवार कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. लिफ्टला एक ओरखडा आला आणि तो कोणत्या पाल्याचा यावर समिती नेमली गेली, इतकंच. खरा बॉम्ब फुटला सातव्या रविवारची पत्रकं भरताना. लेक बुधवारी जाणार होती. हा शेवटचा रविवार. मिनिटरावांनी तक्त्यात लेकीचं नाव शोधलं, तिच्यापुढचं घर बघितलं आणि बोट ठेवून पुन्हा बघितलं. घर त्यांचंच होतं.

सगळ्याच मुलांचं तसं. दिवस संपला की गाडी डेपोत परत, ही चोवीस वर्षांची सवय. तक्ता करताना हाताने आपोआप शेवटची फेरी डेपोची टाकली होती. सातव्या रविवारी प्रत्येक मूल स्वतःच्याच घरी पाहुणं. सहा आठवडे हा कागद इमारतभर फिरला, सभेत मंजूर झाला, त्यावर पस्तीस सह्या झाल्या, आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही.

ते धावत सेक्रेटरींकडे गेले. "शेवटची फेरी रद्द करा. चूक झाली."

"मंजूर कागदात दुरुस्ती करायची तर सभा," सेक्रेटरी म्हणाले. "सभेला चौदा दिवसांची नोटीस."

"अहो, मुलगी स्वतःच्याच घरी कशी जाणार हस्तांतरित होऊन?"

"कलमात कुठे म्हटलंय की सोफा त्याच खोलीत परत ठेवता येत नाही? तोही हलवलाच की." सेक्रेटरींनी पत्रकांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "देणार तुम्ही, घेणार तुम्ही. दोन्हीकडे सही करा. सोपं आहे."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायको नुसतंच "होऊ दे की" म्हणाली. लेकीने खोलीतून मान बाहेर काढली. मग मान आत घेतली, पण दार लावून घेतलं नाही.

रविवारी दहाला लेक घरातून बाहेर पडली. गेटवर नोंद करून वर आली तेव्हा तिने बेल वाजवली. मिनिटरावांनी दार उघडलं. समोर त्यांची मुलगी, केस नीट विंचरलेले, हातात बिस्किटांचा पुडा.

"नमस्कार, काका," ती म्हणाली. "मी आज तुमच्याकडे आलेय."

"या," मिनिटराव म्हणाले. मग म्हणाले, "ये. बस ना."

ती बाहेरच्या खोलीतल्या त्या खुर्चीवर बसली जिथे घरचं कोणी कधीच बसत नाही. मोबाइल भांड्यात ठेवला. भिंतींकडे, पडद्यांकडे, पुस्तकांच्या फळीकडे असं बघू लागली की मिनिटरावांनाही ते सगळं नव्याने दिसायला लागलं. "छान ठेवलंय घर तुम्ही," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या लहान मुलीच्या फोटोकडे बोट केलं. "ही कोण?"

"आमची मुलगी."

"रागीट दिसते."

"रागीट नाही हो. त्या दिवशी तिचा पुढचा दात पडला होता. तोंड मिटून फोटो काढायचा तिचा हट्ट." हे बोलताना त्यांना तो दिवस आठवला आणि ते हसले. तीही हसली, आणि ते हसणं त्यांनी जिन्यात पायरीवर बसून ऐकलेलंच होतं.

बायको बाहेर आली. "ओळख करून द्या ना," ती म्हणाली, आणि पाहुणीला विचारलं, "तिखट चालतं का गं तुला?"

"चालतं, काकू. आमच्या घरी आई जरा कमीच घालते."

"अस्सं," काकू म्हणाल्या.

चिठ्ठीतले प्रश्न खिशातच राहिले, कारण पाहुणीच विचारायला लागली. काका, तुम्ही काय करता? बसच्या वेळा ठरवता म्हणजे नक्की काय करता? दोन बस एकदम का येतात? आजवर हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. ते सांगायला लागले. पेन्सिल घेतली, मार्ग काढून दाखवला. प्रत्येक फेरीच्या शेवटी चार मिनिटं रिकामी ठेवावी लागतात, हे सांगितलं. ती कोणाला दिसत नाहीत, पण ती नसली तर सगळा दिवस कोलमडतो. तिने विचारलं, मग वरचे साहेब ती काढून टाकायला सांगत नाहीत का? "सांगतात," ते म्हणाले. "दर वर्षी. आणि दर वर्षी मी ती दुसऱ्या नावाने परत घालतो." पाहुणी त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

जेवायला बसले. अर्धं जेवण झाल्यावर ती ताटाकडे बघत म्हणाली, "काका, तुमची मुलगी जाणार आहे म्हणे बाहेर."

"हो. बुधवारी."

"तुम्हाला कसं वाटतंय?"

घरच्या मुलीने हे विचारलं असतं तर मिनिटराव म्हणाले असते, चांगलं आहे, शिकायलाच हवं, तिकीट नीट ठेव. पण ही परक्याची मुलगी होती, आणि परक्याच्या मुलीशी खोटं कशाला बोलायचं?

"काही सुचत नाही गं," ते म्हणाले. "दहा आठवडे झाले, माझं कशात लक्ष नाही. ती गेली की हे घर इतकं शांत होईल, असं म्हणावं तर आताही शांतच असतं. पण आता आत कोणीतरी आहे हे माहीत असतं. ती काही न बोलता निघून जाईल, याची मला फार भीती वाटते."

बायकोने वाढायचा डाव खाली ठेवला.

"तिला सांगितलंत हे?" पाहुणीने विचारलं.

"नाही."

"मग काय केलंत?"

मिनिटरावांनी विचार केला. "वेळापत्रक केलं," ते म्हणाले.

पाहुणी मान खाली घालून भाताची शितं एका बाजूला सारत होती.

"तिलाही भीती वाटते, काका," ती म्हणाली. "मला माहितीये. तिला वाटतं, आपण तिकडे जाऊन रडू आणि घरी फोन केला तर बाबा म्हणतील, किती मिनिटं बोलणार आहेस. खालच्या बाईंना ती सगळं सांगते. तुम्ही कसे बोलता, कसे चालता, बस चुकली की कसं तोंड करता, त्या नकला करून दाखवते. सगळे हसतात. आणि मग घरी येते आणि तिला तुमच्याशी बोलता येत नाही. खूप दिवस बोललं नाही ना, की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

"माझ्या नकला?" मिनिटराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, तरी त्यांना विचारल्यावाचून राहवेना. "मी कसं तोंड करतो?"

तिने मान वर केली. भुवया चढवल्या, ओठ घट्ट मिटले, नसलेल्या घड्याळाकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग परत मनगटाकडे. ते इतकं हुबेहूब होतं की बायकोच्या तोंडातून घास बाहेर आला. मिनिटराव हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले, आणि ते लपवायला त्यांनी भाताचं भांडं जवळ ओढलं.

"आणखी थोडा भात घे," ते पाहुणीला म्हणाले. "लाजू नकोस. आपलंच घर समज."

तिने ताट पुढे केलं.

"वाढ, बाबा," ती म्हणाली. "आणि तू पण जेव. मला अजून खूप सांगायचंय."